उरावातील प्रशिक्षणाचा एक दिवस कसा वापरावा : जपानी भाषेच्या शिक्षकांसाठी

जपानी भाषा शिकवणाऱ्या पुण्यातील शिक्षकांच्या बोलण्यात उरावाचे नाव वारंवार येते. तोक्योच्या उत्तरेला, साइतामा शहरात, जपान फाउंडेशनची (जपानी भाषा आणि संस्कृती यांचा परदेशांत प्रसार करणाऱ्या जपानच्या सार्वजनिक संस्थेची) जपानी भाषा संस्था १९८९पासून कार्यरत आहे आणि जपानबाहेर जपानी शिकवणाऱ्या शिक्षकांना प्रशिक्षण देणे हे तिचे मुख्य काम आहे. उरावा हे पूर्वी स्वतंत्र शहर होते. २००१ साली ते ओमिया आणि योनो यांच्यासह साइतामात विलीन झाले, पण संस्थेचे आणि रेल्वे स्थानकांचे जुने नाव तसेच राहिले. ओसाकाजवळची कान्साइ संस्था १९९७ची असून ती प्रामुख्याने राजनैतिक अधिकारी, संशोधक आणि विद्यार्थी यांच्यासाठी आहे, त्यामुळे अर्ज करताना या दोहोंची गल्लत होऊ देऊ नये.

प्रशिक्षण काही आठवड्यांचे असो वा सहा महिन्यांचे, ते बनलेले असते साधारण एकसारख्या दिवसांचे. भाषेचा तास, अध्यापनपद्धतीचे सत्र, नमुना पाठ, त्यावरची चर्चा आणि उरलेल्या वेळात वाचनालय किंवा शहर, असा तो क्रम असतो. वेळापत्रकात घटक पुढेमागे होतात इतकेच. म्हणून एक दिवस नीट वापरता आला, की बाकीचे दिवसही हाताशी येतात. माझे म्हणणे एवढेच आहे, की परतताना बॅगेत किती कागद भरले यावरून असा दिवस मोजू नये. आपण दर बॅचला शिकवतो त्यातला एखादा पाठ त्या दिवशी बदलला का, यावरून मोजावा. त्यासाठी निघतानाच एक पाठ सोबत घ्यावा आणि दिवसातल्या प्रत्येक सत्रातून तोच पाठ पुढे न्यावा. जर्मन किंवा फ्रेंच शिकवणारे शिक्षक त्या त्या देशांत प्रशिक्षणाला जातात तेव्हाही हीच रीत उपयोगी पडते, पण येथे उदाहरणे जपानीचीच घेतली आहेत.

निघण्यापूर्वी : कोणता पाठ न्यावा

जो पाठ उत्तम रंगतो तो नेण्यात फारसा अर्थ नाही, आणि ज्याची धास्ती वाटते असा अवघड पाठही पहिल्या खेपेला नको. विद्यार्थ्यांना परीक्षेत गुण मिळवून देणारा, तरीही शिकवून झाल्यावर काहीतरी राहिले असे वाटायला लावणारा पाठ निवडावा. परवानगी मागण्याचा पाठ या कसोटीला पुरेपूर उतरतो. ‘मिन्ना नो निहोंगो’ या आपल्याकडे सर्रास वापरल्या जाणाऱ्या पुस्तकात तो १५व्या धड्यात येतो. आदल्या धड्यात विद्यार्थी क्रियापदाचे ते-रूप, म्हणजे ‘ते’ किंवा ‘दे’ने संपणारे रूप, शिकलेले असतात आणि त्याच रूपावर ही नवी रचना उभी राहते.

वर्गात होणारा सराव सर्वांच्या परिचयाचा आहे. शिक्षक विचारतात, “शाशिन ओ तोत्तेमो ई देसु का?” म्हणजे छायाचित्र काढले तर चालेल का. अर्धा वर्ग एका सुरात उत्तरतो, “हाइ, तोत्तेमो ई देसु” (हो, काढले तरी चालेल), आणि उरलेला अर्धा, “ईए, तोत्ते वा इकेमासेन” (नाही, काढायचे नाही). व्याकरणाच्या दृष्टीने यात चूक काढता येत नाही. मात्र ज्याच्याकडे परवानगी मागितली तो माणूस होकार देताना सहसा “ए, दोझो” (हो, खुशाल) म्हणतो, आणि नकार द्यायचा असेल तर “सुमिमासेन, चोत्तो…” (माफ करा, जरा…) एवढेच म्हणून वाक्य अर्ध्यावर सोडतो. प्रौढ अनोळखी माणसाला “इकेमासेन” असे तोंडावर म्हणणे पंतोजींच्या दटावणीसारखे वाटते. परिणामी आपला विद्यार्थी प्रश्न बिनचूक विचारतो, उत्तरादाखल आलेले “चोत्तो” ऐकून पुढच्या शब्दांची वाट पाहत उभा राहतो आणि आपल्याला नकार मिळाला आहे हे त्याच्या लक्षातच येत नाही. पाठातला दोष असा बोट ठेवून दाखवता आला, म्हणजे तो पाठ प्रशिक्षणाला नेण्याजोगा झाला असे समजावे.

पाठाबरोबर वर्गही न्यावा लागतो. त्या पाठाचे तुमचे जुने टाचण, फळ्याचे एखादे छायाचित्र, काही विद्यार्थ्यांच्या वह्यांतील लेखनाच्या नावे खोडलेल्या प्रती आणि विद्यार्थ्यांच्या संमतीने केलेले वर्गाचे दहाएक मिनिटांचे ध्वनिमुद्रण, इतके साहित्य पुरेसे होते. ध्वनिमुद्रण निघण्यापूर्वी स्वतः एकदा ऐकावे. शिक्षक किती वेळ बोलतात आणि विद्यार्थी किती, हे घड्याळ लावून मोजले तर प्रशिक्षणात काय विचारायचे याची निम्मी यादी तिथेच तयार होते.

याशिवाय आपल्या वर्गाची दोन मिनिटांची ओळख जपानीत तयार ठेवावी, कारण तिकडे कोणत्याही चर्चेत पहिला प्रश्न ‘गाकुशुशा’चा, म्हणजे शिकणारा कोण याचा असतो. “भारतीय विद्यार्थी आहेत” हे उत्तर पुरत नाही. शनिवार-रविवारच्या बॅचला येणारे संगणक अभियंते, रानडे इन्स्टिट्यूटमध्ये पदविका करणारे महाविद्यालयीन विद्यार्थी आणि जपानमध्ये शुश्रूषेच्या किंवा अन्य कुशल कामावर जाऊ पाहणारे तरुण यांच्या गरजा निरनिराळ्या आहेत. तिसऱ्या गटाबद्दल आता आवर्जून सांगावे. जपानने २०१९मध्ये कुशल कामगारांसाठी नवी निवास-श्रेणी सुरू केली, भारताशी त्याबाबतचा सहकार्य करार जानेवारी २०२१मध्ये झाला, आणि त्यासाठी लागणारी भाषेची पात्रता केवळ व्याकरणाने गाठता येत नाही.

अर्जाच्या अटी, कालावधी आणि मिळणारे साहाय्य दरवर्षीच्या सूचनापत्रकात दिलेले असते, आणि भारतातील अर्ज जपान फाउंडेशनच्या नवी दिल्ली कार्यालयामार्फत जातात. नव्याने शिकवू लागलेल्यांनी आधी देशातल्या देशात प्रशिक्षण घ्यावे हे बरे. २०१७च्या भारत-जपान करारानंतर दिल्लीत शिक्षक-प्रशिक्षणाची स्वतंत्र सोय झाली आहे. वर्गात दोन-तीन वर्षे उभे राहिल्याशिवाय उरावाला गेलेल्या शिक्षकाकडे विचारायला प्रश्नच नसतात.

सकाळ : विद्यार्थी होऊन बसणे आणि शिक्षक होऊन पाहणे

सकाळचा भाषेचा तास शिक्षकांचे स्वतःचे जपानी सुधारण्यासाठी असतो. या तासाला बसताना वहीचे पान उभ्या रेघेने दुभागावे. डाव्या बाजूला जे शिकलो ते लिहावे. उजव्या बाजूला ते कसे शिकवले गेले ते, वेळेसह लिहावे. दोन्ही बाजू सारख्याच भरतील अशी अपेक्षा धरू नये. पहिल्या काही दिवसांत डावी बाजू ओसंडून वाहते आणि उजवी कोरी राहते, कारण नवे शब्द टिपण्याचा मोह मोठा असतो. शब्द कोशात नंतरही मिळतात. शिक्षिकेने एखादा प्रश्न कोणाला विचारला, उत्तर न आल्यावर तिने काय केले आणि त्यात किती वेळ गेला, हे मात्र तो तास संपल्यावर कुठेही मिळत नाही.

उजव्या बाजूला काय टिपावे याचे एक उदाहरण देतो. प्रश्न विचारल्यानंतर शिक्षक किती सेकंद थांबतात ते मोजावे. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७०च्या दशकात प्राथमिक शाळांतील विज्ञानाच्या वर्गांचा अभ्यास केला, तेव्हा शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात असे तिला आढळले. तोच वेळ तीन सेकंदांच्या पुढे नेल्यावर विद्यार्थ्यांची उत्तरे लांबली आणि एरवी गप्प बसणारेही बोलू लागले. परकीय भाषेच्या वर्गात तर विद्यार्थ्याला उत्तर सुचण्याबरोबरच क्रियापदाचे रूपही जुळवायचे असते. आपल्याकडे वर्ग शांत झाला की शिक्षकालाच अवघडल्यासारखे होते आणि तो स्वतःच उत्तर देऊन मोकळा होतो. उरावात बसून हे सेकंद मोजल्यावर सोबत आणलेले ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकावे आणि तेच सेकंद आपल्या वर्गात मोजावेत.

दुसरी टिपण्याजोगी गोष्ट म्हणजे फळा. जपानी शाळांतील शिक्षक फळ्याची आखणी आधीच करून येतात. तासाच्या सुरुवातीला लिहिलेले शक्यतो पुसत नाहीत, आणि तास संपतो तेव्हा त्या पाठाचा सगळा प्रवास डावीकडून उजवीकडे फळ्यावर वाचता येतो. याला ‘बान्शो’ म्हणतात. आपल्याकडे फळा लिहिण्या-पुसण्याची जागा असतो, त्यामुळे उशिरा आलेल्या किंवा क्षणभर लक्ष उडालेल्या विद्यार्थ्याला मागे वळून पाहायला काही उरत नाही. तास संपल्यावर परवानगी घेऊन फळ्याचे छायाचित्र घ्यावे आणि त्याखाली, कोणता भाग कितव्या मिनिटाला लिहिला गेला, ते आठवून लगेच लिहावे. छायाचित्र सगळेच घेतात. मिनिटे कोणी लिहीत नाही, आणि मग ते चित्र निरुपयोगी होते.

पद्धतीचे सत्र : पाठाचे उद्दिष्ट बदलून लिहिणे

अध्यापनपद्धतीच्या सत्रात ‘कॅन-डू’ (‘करू शकतो’) हा शब्द दिवसभर कानावर पडतो. युरोप परिषदेने (कौन्सिल ऑफ युरोप) २००१मध्ये भाषाशिक्षणासाठी ए-१ ते सी-२ अशा सहा पातळ्यांचा आराखडा प्रसिद्ध केला. त्याच्या आधारे जपान फाउंडेशनने २०१०मध्ये जपानीसाठी स्वतःचे मानक तयार केले. विद्यार्थ्याला काय माहीत आहे यापेक्षा तो भाषेतून काय करू शकतो हे त्यात पाहिले जाते. हे तत्त्व ऐकायला सोपे आहे आणि मान डोलावून सोडून द्यायला त्याहून सोपे, म्हणून सत्र चालू असतानाच ते आपल्या पाठावर वापरावे.

जुन्या टाचणावर उद्दिष्ट बहुधा असे असते : “‘ते मो ई देसु का’ ही रचना शिकवणे.” यात विद्यार्थी कुठेच नाही. ते खोडून पुढीलप्रमाणे लिहावे : “एखाद्या ठिकाणी छायाचित्र काढण्यास किंवा आत जाण्यास परवानगी आहे का, हे मी सोप्या वाक्यात विचारू शकतो, आणि मिळालेल्या उत्तरातून होकार आहे की नकार हे ओळखू शकतो.” वाक्याच्या उत्तरार्धामुळे सगळा पाठ हलतो. ओळखणे हे उद्दिष्ट ठरल्याबरोबर ऐकण्याचा सराव अपरिहार्य होतो. ऐकवायचे तर खरी उत्तरे हवीत. आणि खरी उत्तरे शोधायला गेले की “इकेमासेन” माणसांच्या तोंडून कमी आणि नियम सांगताना जास्त येते, हे आपोआप उघड होते. मग त्या रूपाची जागाही सापडते : ते विद्यार्थ्यांनी एकमेकांना म्हणायचे वाक्य नसून संग्रहालयाचे किंवा वसतिगृहाचे नियम समजून घेण्याचे साधन ठरते.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे, कारण प्रशिक्षणाहून परतलेले काही शिक्षक उत्साहाच्या भरात परीक्षाच मोडीत काढतात. आपल्या बहुसंख्य विद्यार्थ्यांना जेएलपीटी, म्हणजे जपानी भाषेची प्रावीण्य परीक्षा, द्यायची असते. १९८४मध्ये सुरू झालेली आणि २०१०पासून एन-५ (सर्वांत सोपी) ते एन-१ (सर्वांत कठीण) अशा पाच पातळ्यांत होणारी ही परीक्षा आपल्याकडे जुलै आणि डिसेंबरमध्ये होते, आणि तीत बोलणे व लिहिणे तपासलेच जात नाही. नोकरीच्या जाहिरातीत एन-३ किंवा एन-२ मागितलेले असताना, शुल्क भरून आलेल्या विद्यार्थ्याला “आपण फक्त संवाद करू” असे सांगणे अन्यायाचे आहे. यावर माझ्या मते चालणारा तोडगा असा, की व्याकरणाचा वेळ कमी न करता त्याचा क्रम बदलावा : आधी संवाद ऐकवावा, मग त्यातली रचना विद्यार्थ्यांना शोधू द्यावी, मग रूपांचा सराव कसून घ्यावा आणि शेवटी पुन्हा संवादाकडे यावे. जपान फाउंडेशननेच २०१३पासून काढलेल्या ‘मारुगोतो’ या पुस्तकाचे ‘कृती’ आणि ‘आकलन’ असे दोन स्वतंत्र भाग आहेत; त्यांतला एकच एक पाठ दोन्ही भागांत शेजारी ठेवून वाचला, तर ही विभागणी कशी साधते हे चांगले कळते.

सत्रात दिलेले वेळेचे हिशेबही जसेच्या तसे उतरवून घेऊ नयेत. तुमच्या शेजारी इंडोनेशियातील किंवा व्हिएतनाममधील शिक्षक बसलेले असतील, आणि त्यांच्या विद्यार्थ्यांना क्रियापद वाक्याच्या शेवटी ठेवण्याची सवय लावावी लागते. मराठी विद्यार्थ्याला ती जन्मजात असते, शब्दयोगी अव्ययांमुळे विभक्तीदर्शक शब्दही फारसे परके वाटत नाहीत. त्याचा घाम निघतो तो कांजीत, म्हणजे जपानीतील चिनी मूळाच्या चित्राक्षरांत. इतरांच्या आराखड्यात वाक्यरचनेला दिलेली मिनिटे आपण वाचन-लेखनाकडे वळवू शकतो, आणि हा बदल त्याच दिवशी टाचणात केला नाही तर पुण्यात आल्यावर राहून जातो.

दुपारच्या जेवणाविषयी थोडक्यात

जेवताना भारतीय गटात बसू नये, कारण वेगवेगळ्या देशांतील शिक्षकांना जोडणारी भाषा जपानीच असते आणि वर्गाबाहेरचा सर्वांत चांगला सराव त्या टेबलावर होतो. शाकाहारी असाल तर ते अर्जातच लेखी कळवावे आणि मासे, माशांचे सार हेही चालत नाही असे स्पष्ट लिहावे; मिसो सूपपासून भाज्यांपर्यंत अनेक पदार्थांत ‘दाशी’ नावाचे सार असते आणि ते बहुधा माशाचे असते. तिकडच्या चिकट भातावर मेतकूट उत्तम लागते, तेव्हा एक पुडी सोबत असू द्यावी.

नमुना पाठ : दिवसाचा कणा

‘मोगि ज्युग्यो’, म्हणजे सहकाऱ्यांनाच विद्यार्थी मानून घेतलेला नमुना पाठ, यासाठी दिवसातील सर्वाधिक तयारी राखून ठेवावी. पंधरा मिनिटांचा पाठ ऐकायला लहान वाटतो, पण त्यात एकच गोष्ट नीट शिकवून होते. दोन ठरवल्या तर दोन्ही अर्धवट राहतात.

टाचण उभ्या रकान्यांत करावे : वेळ, शिक्षकाचे बोलणे, विद्यार्थ्यांचे अपेक्षित बोलणे, साहित्य आणि फळा. यातला दुसरा रकाना शब्दशः लिहून काढावा, विशेषतः सूचना. “आता जोडीने सराव करा, एकाने पाहुण्याची भूमिका घ्या, दुसऱ्याने कर्मचाऱ्याची” ही सूचना १४व्या धड्यापर्यंत शिकलेल्या विद्यार्थ्याला समजेल अशा जपानीत सांगणे हे खुद्द पाठापेक्षा कठीण असते, आणि बहुतेक नमुना पाठ इथेच अडखळतात. शक्य तेथे सूचना सांगण्याऐवजी करून दाखवावी. तिसरा रकाना भरताना विद्यार्थी चुकीचे काय बोलतील तेही लिहावे. परवानगीच्या पाठात “तोत्तेमो”ऐवजी “तोरुतेमो” असे चुकीचे रूप हमखास येते. ते आल्यावर तुम्ही काय करणार हे आधी ठरलेले असावे.

आपला पाठ असा मांडता येईल. फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात एका संग्रहालयाच्या दालनाचे चित्र लावावे. काहीही न समजावता दोन छोटे संवाद ऐकवावेत. दोन्हींत पाहुणा तोच प्रश्न विचारतो, पहिल्यात “ए, दोझो” असे उत्तर येते आणि दुसऱ्यात “आ, सुमिमासेन, कोको वा चोत्तो…” असे. विद्यार्थ्यांच्या हातात कॅमेऱ्याच्या चित्राची दोन कार्डे द्यावीत, एक साधे आणि एक फुली मारलेले. ऐकून त्यांनी योग्य ते कार्ड वर करावे. कोणी बोलण्याआधीच वर्गातील प्रत्येकाला कळले की नाही हे शिक्षकाला एका नजरेत दिसते. त्यानंतर प्रश्न पुन्हा ऐकवून त्यातील रचना विद्यार्थ्यांकडून काढून घ्यावी आणि फळ्याच्या मध्यभागी लिहावी. रूपांचा सराव चार-पाच क्रियापदांपुरता ठेवावा. शेवटी जोडीने संवाद. मात्र कर्मचाऱ्याची भूमिका करणाऱ्याला होकार द्यायचा की नकार, हे लपवलेल्या चिठ्ठीवर सांगावे, म्हणजे पाहुण्याला खरोखर लक्ष देऊन ऐकावे लागते आणि त्यानुसार “आरिगातो गोझाइमासु” (धन्यवाद) किंवा “आ, सो देसु का, सुमिमासेन” (अच्छा, असे का, माफ करा) असे म्हणून संवाद आटोपता घ्यावा लागतो. नकार मिळाल्यावर शोभेलशा रीतीने मागे फिरणे हा भाग पुस्तकी सरावात नसतोच.

पाठ सुरू करण्याआधी सहकाऱ्यांना एक विनंती करावी : त्यांनी १४व्या धड्यापर्यंतचेच शब्द वापरावेत आणि समजले नाही तर खरेच न समजल्यासारखे वागावे. शिक्षक मंडळी विद्यार्थी झाली की फार शहाणी होतात. सूचना अर्धवट असली तरी अंदाजाने बरोबर करतात, आणि मग पाठ यशस्वी झाल्याचा भास होतो.

चर्चेच्या वेळी अभिप्राय ऐकताना वही उघडी आणि तोंड बंद ठेवावे. स्पष्टीकरण द्यायची इच्छा प्रबळ असते, पण प्रत्येक स्पष्टीकरणाबरोबर पुढचा अभिप्राय सौम्य होत जातो. जपानी मार्गदर्शकांची टीका मुळातच सौम्य शब्दांत येते. “किनि नात्ता नो वा” अशी सुरुवात झाली, म्हणजे मनात काही खटकले आहे असे सांगितले जात आहे, हे ओळखून पुढचे वाक्य जसेच्या तसे उतरवावे. “असे केले तर कसे होईल” हा प्रश्न बऱ्याचदा प्रश्न नसून सूचना असते. आपण इतरांच्या पाठावर बोलतो तेव्हा मात्र भारतीय पद्धतीचे “छान झाला, पण…” टाळावे आणि पाहिलेले सांगावे : “जोडीच्या सरावात मागच्या रांगेतले दोघे बोललेच नाहीत”, “कार्डे वाटण्यात दीड मिनिट गेले”. अशा वाक्यावर वाद होत नाही आणि पाठ घेणाऱ्याला लगेच काही करता येते.

चर्चेनंतर पाच मिनिटे तरी मागून घ्यावीत आणि ज्या टप्प्यावर पाठ अडला तोच टप्पा त्याच सहकाऱ्यांपुढे पुन्हा घेऊन पाहावा. वेळापत्रकात यासाठी जागा नसेल तर चहाच्या सुट्टीत दोघा-तिघांना थांबवावे. सुधारणा कागदावर लिहिली की ती पटते. उभे राहून करून पाहिली की ती जमते किंवा जमत नाही ते कळते.

संध्याकाळ : शहरातून साहित्य गोळा करणे

किता-उरावा स्थानकाचा परिसर साधा रहिवासी भाग आहे, आणि भाषेच्या शिक्षकाला तो पर्यटनस्थळापेक्षा जास्त देतो. प्रत्यक्ष जगातून उचललेल्या साहित्याला ‘नामा क्योझाइ’ म्हणतात. दिसेल ते गोळा करत सुटू नये. दिवसाच्या पाठाला लागणारेच घ्यावे. परवानगीच्या पाठासाठी फिरताना मनाईच्या पाट्या पाहाव्यात. “सात्सुएइ किन्शि” (छायाचित्रणास मनाई) ही ठाम मनाई आणि “गोएन्र्यो कुदासाइ” (कृपया टाळावे) ही विनंतीच्या रूपातील मनाई, या दोन्ही प्रकारच्या पाट्या दुकाने, वाचनालये, उद्याने, रेल्वेचे डबे येथे सर्वत्र असतात. प्राथमिक पातळीच्या विद्यार्थ्याला त्यातील व्याकरण शिकवायचे नाही. पाटी पाहून काय चालणार नाही एवढे ओळखता आले की पुरे. दुसऱ्या एखाद्या दिवशी खरेदीचा पाठ हातात असेल, तर सुपरमार्केटची ‘चिराशि’ नावाची किमतींची पत्रके घ्यावीत. संध्याकाळी तयार खाद्यपदार्थांच्या डब्यांवर चिकटवलेल्या निम्म्या किमतीच्या पट्ट्या तर अंकांच्या सरावाला मिळालेले वरदान आहे. कोणत्या वारी कोणता कचरा टाकायचा याचे पालिकेचे तक्ते वारांच्या पाठाला उपयोगी पडतात.

छायाचित्रांत अनोळखी माणसांचे चेहरे येऊ देऊ नयेत आणि दुकानात आधी विचारावे. आपल्या पाठातले वाक्य वापरण्याची ती आयती संधीही आहे. पुस्तकांच्या प्रती काढण्याबाबत हे ध्यानात ठेवावे, की जपानच्या कायद्यातील शाळांसाठीची सवलत आपल्या वर्गाला लागू होत नाही. भारताच्या १९५७च्या स्वामित्वहक्क कायद्यातील कलम ५२ शिक्षणक्रमात शिक्षकाने केलेल्या प्रतींना काही मोकळीक देते, परंतु त्या आधारे अख्खे पुस्तक छापून विकणे बसत नाही. २०२०पासून उपलब्ध असलेले ‘इरोदोरि’ हे जपान फाउंडेशनचे पुस्तक अधिकृतरीत्या मोफत मिळते, तेव्हा शक्य तेथे तेच वापरावे.

प्रत्येक चित्राला आणि पत्रकाला त्याच संध्याकाळी नाव द्यावे : ठिकाण, तारीख, कोणता धडा, कोणत्या कृतीसाठी. ज्याला धडा लिहिता येत नाही ते साहित्य ठेवू नये. संस्थेच्या वाचनालयात जगभरची जपानीची पाठ्यपुस्तके आहेत. तेथे अर्धा तास मिळाला तर आपला पाठ इतर तीन-चार पुस्तकांत कसा मांडला आहे एवढेच पाहावे.

रात्र : पाठ पुण्याला पाठवणे

दिवसाचा शेवट ‘फुरिकाएरि’ने, म्हणजे मागे वळून पाहण्याने करायचा असतो, आणि बहुतेक ठिकाणी ते लिहूनही घेतले जाते. तेथे “आज खूप शिकायला मिळाले” अशी वाक्ये लिहून पान भरू नये. टाचणातली जुनी ओळ, नवी ओळ आणि बदल का केला, एवढे लिहिले की ते पान पुढे वर्षभर कामाला येते.

यानंतरची पायरी सहसा कोणी करत नाही, पण माझ्या मते तीच सर्वांत फलदायी आहे. जपानचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे, म्हणजे उरावात रात्रीचे साडेनऊ होतात तेव्हा पुण्यात संध्याकाळचे सहा वाजलेले असतात आणि संध्याकाळच्या बॅचेस सुरू व्हायच्या असतात. निघण्यापूर्वी एखाद्या सहकारी शिक्षिकेशी बोलून ठेवावे. सुधारलेले टाचण, दोन संवादांचे ध्वनिमुद्रण आणि कार्डांचे चित्र तिला पाठवावे, आणि तो धडा ज्या आठवड्यात येईल तेव्हा तिने ते वापरून पाहावे. संवादांसाठी आवाज तिथल्याच दोघा जपानी परिचितांचा, त्यांच्या परवानगीने घेतलेला असला तर उत्तम. वर्गात काय झाले ते तिने चार ओळींत कळवले, की दुसऱ्या दिवशीच्या सत्रात तुम्ही खऱ्या विद्यार्थ्यांच्या प्रतिक्रियेसह प्रश्न विचारू शकता. “माझ्या वर्गात हे चालणार नाही” असे म्हणण्यापेक्षा “काल चालले नाही, आणि ते कार्डांच्या टप्प्यावर अडले” असे म्हणणाऱ्या शिक्षकाकडे मार्गदर्शक वेगळ्या नजरेने पाहतात.

परतल्यावर

प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र मोलाचे आहे, पण तो परवाना नव्हे. जपानमधील मान्यताप्राप्त संस्थांत शिकवण्यासाठी एप्रिल २०२४पासून नोंदणीकृत जपानी भाषा शिक्षक अशी स्वतंत्र राष्ट्रीय पात्रता लागू झाली आहे आणि तिची परीक्षा वेगळी असते. पुढे जपानमध्येच शिकवण्याचा विचार असलेल्यांनी दोहोंत फरक करावा.

पुण्यातील शिक्षकांना परतल्यावर एक सोय हाताशी आहे. सिंहगड रस्त्यावरील पु. ल. देशपांडे उद्यान ओकायामाच्या कोराकुएन उद्यानाच्या धर्तीवर उभारलेले आहे आणि पुणे-ओकायामा मैत्रीचे प्रतीक म्हणून ओळखले जाते. परवानगीच्या पाठानंतरचा तास तेथे घेता येतो. जाण्यापूर्वी उद्यानाच्या व्यवस्थापनाला गटाची कल्पना द्यावी. तेथील मराठी-इंग्रजी सूचनाफलक पाहून विद्यार्थ्यांनी येणाऱ्या जपानी पाहुण्यासाठी त्याच नियमांचे साधे जपानी फलक वहीत तयार करावेत. एकाने पाहुणा व्हावे, दुसऱ्याने माळी किंवा रखवालदार, आणि गवतावर बसणे, पुलावर थांबून छायाचित्र काढणे, माशांना खाणे घालणे यांची परवानगी मागावी. ज्यांना प्रवास जमत नाही अशा बॅचसाठी हाच तास स्वतःच्या इमारतीतील लिफ्ट, वाहनतळ आणि वाचनालय यांच्या फलकांवर होतो.

संस्थेला द्यायचा अहवाल एका पानाचा असावा आणि त्यासोबत जुने व नवे टाचण शेजारी-शेजारी जोडावे. शिक्षकांच्या बैठकीत सांगायचे असेल तर प्रवासाची चित्रे दाखवत बसू नये. ती कार्डे वाटावीत, दोन संवाद ऐकवावेत आणि पंधरा मिनिटांचा पाठ उपस्थितांवरच घ्यावा. त्यांचे अभिप्राय येतील ते त्याच वहीत, त्याच पाठाच्या पानावर उतरवून घ्यावेत.